मायचं ‘हो’ आणि मायचं ‘नाई’

एक विचारते, खरं उत्तर द्या. तुमच्या घरातल्या माणसाची वाचा गेली, तर त्याची अक्कलही गेली असं धरून तुम्ही त्याच्या वतीने सगळं ठरवायला लागाल की नाही? घाईने ‘छे’ म्हणू नका. माझ्या घरातली माणसं प्रेमळ होती, कष्टाळू होती, कुणाचं वाईट चिंतणारी नव्हती, आणि त्यांनी अगदी हेच केलं. माझं लग्न त्याच्यावरच ठरलं होतं.

आठवणी म्हाताऱ्यांनी लिहाव्यात असा रिवाज आहे. मी अजून चाळिशीही गाठलेली नाही. पण जे सांगायचं ते म्हातारपणापर्यंत राखून ठेवणं मला पटत नाही, आणि ते मला माझ्या मायने शिकवलं. तिचं नाव लीला. अकोल्याच्या कडेला आमचा लहानसा भाजीचा मळा होता. बाबा तो पिकवायचे आणि माय बाजारात बसून विकायची. बाजारात ती नुसती भाजीवाली नव्हती. भाजीवाल्या बायांच्या संघटनेची ती म्होरकी होती आणि संघटनेची पत्रकं तीच लिहायची, म्हणजे सातवीपर्यंतच्या अक्षरात लिहून छापखान्यात द्यायची. गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे आमच्या खाटेखाली असत. घरात मेथीचा आणि शाईचा वास एकत्र यायचा. उरलेल्या पत्रकांत ती हिरव्या मिरच्या बांधून द्यायची, म्हणजे ज्यांनी हातात घेतलं नाही त्यांच्याही घरी ते पोचायचं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या कागदांवरून. मी वाचलेला पहिला शब्द ‘जाहीर’ हा आहे.

संध्याकाळी चूल पेटली की माय पत्रकाचा मजकूर मोठ्याने म्हणून बघायची. आंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडत असायची, भाकरी फुगत असायची, आणि ती तव्याकडे बघत भाषण करायची. बाबा म्हणायचे, “भाकरीले समजलं सारं. आता आमाले वाढ.” तिचं एकच म्हणणं होतं: मिरच्या निवडता निवडता बाईला जे ऐकून समजत नाही, ते पत्रक फाडून टाकावं. मी आज जे काही लिहिते ते याच कसोटीवर लिहिते. मोठमोठ्या शब्दांत लिहिणारे लोक भेटले की मला अजून चीड येते.

मायचा आवाज खणखणीत होता. एकदा बाजारातली जागा रिकामी करा म्हणून पालिकेची माणसं आली, तेव्हा बायांनी टोपल्या मांडीशी ओढल्या आणि बसूनच राहिल्या. माय डाव्या-उजव्या हाताने टोपली वाजवत सांगायची, बाया मागून म्हणायच्या: “उठत नाई, उठत नाई, जागा आमची सोडत नाई.” आलेली माणसं दुपारपर्यंत कंटाळून गेली. जागा राहिली. पुढे कितीतरी दिवस गल्लीतली पोरं खेळतानाही हेच ओरडायची.

मी बारावीची परीक्षा दिली, त्या उन्हाळ्यात हा आवाज बंद झाला.

अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. सकाळी नऊलाच रस्ते भाजून निघतात. माय अंगणात पालकाच्या जुड्या बांधत होती आणि तिच्या हातून गाठ बसेना. सुतळी सुटून पडली, तिने उचलली, पुन्हा पडली. मी म्हटलं, “माय, काय झालं व?” तिने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, पण त्यात शब्द नव्हते. नुसता चिखल होता. शेजारच्या कौसाबाई धावत आल्या. “ऊन लागलं माय तिले. कैरीचं पन्हं पाजा. डोक्शावर कांदा ठेवा.” आमच्याकडे त्या दिवसांत कुणालाही काहीही झालं तरी ते ऊनच असतं. कौसाबाईंनी पेला तोंडाला लावला, तर पन्हं उजव्या बाजूने गळ्यावर ओघळलं आणि मायला जोराचा ठसका लागला. मला तेव्हा मेंदूतलं काहीच कळत नव्हतं. पण ऊन सगळ्या अंगाला लागतं. तोंडाचा एकच कोपरा आणि एकच हात कसा पडेल, एवढं दिसत होतं. मी पेला ओढून घेतला आणि ऑटो बोलवायला पळाले. कौसाबाई मागून म्हणाल्या, “पोट्टी लय शहानी झाली.”

दवाखान्यात समजलं की मेंदूच्या डाव्या बाजूची रक्ताची नळी बंद पडली होती. माय वाचली. काही आठवड्यांनी पाय ओढत चालूही लागली. उजवा हात मात्र लुळा राहिला, आणि वाचा आली नाही. पाणी हवं असेल तर ती माठाकडे बघायची, ओठ हलवायची, कपाळावर घाम यायचा आणि बाहेर यायचं, “हो… हो.” तेवढा एक शब्द उरला होता.

मग उपचार सुरू झाले, ते सगळे जिभेवर. जो येईल तो अक्कलकारा घेऊन यायचा. अक्कलकारा म्हणजे जीभ झणझणून सोडणारी एक मुळी. मधात उगाळून चाटवली की जीभ सुटते, असा आमच्याकडे समज आहे. मायची जीभ सोलून निघाली. तिने मान फिरवली की सगळे म्हणायचे, “घे व बाई, बोलाचं हाय ना तुले?” आणि ती म्हणायची, “हो.” म्हणून पुन्हा चाटण.

एके सकाळी शेजारची शेळी अंगणात शिरली आणि निवडलेली कोथिंबीर खाऊ लागली. माय खाटेवर बसली होती. तिने डावा हात उगारला आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, “हट मुडद्या, तुह्या मालकाच्या तोंडात माती.” बाबांच्या हातातली बादली कलंडली. मी धावत जाऊन म्हटलं, “माय, बोल ना अजून. काय म्हनली?” तिने तोंड उघडलं. शब्द नव्हते. पुन्हा तेच, “हो… हो.” डोळे भरून आले. आणि कौसाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, “शिव्या कशा पटापट येतात. पानी मांगाले मातर वाचा नाई. नाटकं हायेत सारी. कामं टाळाची.” त्या दिवशी बाबाही मायकडे पाठ करून जेवले. त्यांच्याही मनात शंका आली होती, ते मला दिसलं. जिने आयुष्यभर पहाटे उठून जुड्या बांधल्या, तिच्यावर आळसाचा आळ आला होता.

दवाखान्यातून अमरावतीच्या एका मॅडमचा पत्ता मिळाला होता. गेलेली वाचा परत शिकवणं हेच त्यांचं काम. मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या एसटीत आम्ही तिघं बसलो आणि गेलो. मॅडम तरुण होत्या, धारणीकडच्या, घरची बोली कोरकू. शेळीची गोष्ट ऐकून त्या मनापासून हसल्या आणि मायला म्हणाल्या, “चांगली दिली की शिवी.” मायही हसली, अर्ध्या तोंडाने. आजारपणानंतर तिच्याशी, तिच्याकडे बघून बोललेलं ते बाहेरचं पहिलं माणूस. बाकी सगळे तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे.

मॅडमनी मायच्या डाव्या कानाच्या वर हात ठेवला. म्हणाल्या, बहुतेक माणसांत शब्द शोधून त्यांची वाक्यं जुळवायचं काम इथे, डाव्या बाजूला चालतं. उजवा हातही हीच बाजू चालवते, कारण मेंदूतून निघणाऱ्या वाटा खाली उतरताना एकमेकींना ओलांडून जातात. म्हणून वाचा आणि हात दोन्ही एका दमात गेले. जिभेला काहीच झालेलं नाही. अक्कलकारा बंद करा. शब्दही जागेवर आहेत. शब्द हुडकून तोंडापर्यंत आणायची वाट मोडली आहे. शिव्या, पाठ गाणी, एक-दोन-तीन, रामराम हे आपण शब्द शोधून बोलत नाही, ते अख्खंच्या अख्खं बाहेर पडतं, आणि त्यात मेंदूच्या इतरही भागांचा हात असतो. नेमका किती, यावर जाणकारांत अजून वाद चालू आहे, हेही त्यांनी सांगितलं. ज्याला आपलं न कळणं सांगता येतं त्याच्यावर मी लवकर विश्वास ठेवते.

बाबा इतका वेळ टोपी हातात घेऊन ऐकत होते. म्हणाले, “म्हंजे विहिरीत पानी हाय. पाट फुटला. दुसऱ्या अंगानं दांड काढा लागते.”

“तसंच समजा,” मॅडम म्हणाल्या. “पण रोज खोदावा लागेल. एक दिवस सोडला की भरतो.”

मग त्यांनी मायला विचारलं, “तुमचं नाव लीला?” माय म्हणाली, “हो.” “तुमचं नाव विमल?” माय म्हणाली, “हो.” आणि स्वतःचाच शब्द कानावर पडताच तिने डाव्या हाताने कपाळ बडवलं. मॅडमनी तो हात धरला. “बघितलं? यांना सगळं कळतं. चुकीचं निघालं हेही कळतं. यांचं ‘हो’ म्हणजे होकार नाही. त्या वाटेने सध्या तेवढाच शब्द येतो. काही विचारलंत तर तोच प्रश्न उलटा करूनही विचारा. दोन्हीला ‘हो’ आलं तर ते उत्तर धरू नका.” निघताना मला एकटीला म्हणाल्या, “मी शाळेत गेले तेव्हा मला मराठी येत नव्हती. गुरुजी मठ्ठ म्हणायचे. मला सगळं समजत होतं गं.”

घरी आल्यावर आमचा दांड, म्हणजे पाण्याची नवी वाट, खोदणं सुरू झालं. मॅडमनी सांगितलं होतं, तिला पाठ असलेलं, चालीवरचं काही घ्या, डाव्या हाताने ठेका धरायला लावा, सोबत म्हणा, मग तुम्ही हळूहळू मागे सरा. लोक आरत्या घेतात, अंगाई घेतात. माझ्या मायला पाठ काय होतं ते मला ठाऊक होतं. मी तिच्यासमोर टोपली पालथी घातली आणि म्हटलं, “उठत नाई…” तिचा डावा हात टोपलीवर पडला. दुसऱ्या वेळी ओठ हलले. आणि मग माझ्या आवाजाखालून तिचा आवाज आला, घोगरा, वाकडा, पण चालीत: “…जागा आमची सोडत नाई.” बाबा मळ्यातून धावत आले. त्यांना वाटलं जागेवरून उठवायला पुन्हा कुणी आलं.

पण मला घोषणा नको होती. मला त्यातला शेवटचा शब्द हवा होता. जिला ‘नाई’ म्हणता येत नाही तिच्याकडून जग काहीही कबूल करून घेऊ शकतं. म्हणून मी रोज घोषणा थोडी थोडी कापत गेले. “सोडत नाई” एवढंच. मग मी “सोडत” म्हणायचे आणि थांबायचे. मग नुसता ठेका. कधी जमायचं, बहुतेकदा नाही. माय चिडून टोपली ढकलून द्यायची आणि थोड्या वेळाने पायाने स्वतःच पुढे ओढायची. मी सुरुवात करून दिल्याशिवाय तिच्या तोंडून ते कधीच आलं नव्हतं.

याच दिवसांत निकाल लागला, अमरावतीच्या कॉलेजात आणि वसतिगृहात माझा नंबर लागला, आणि याच दिवसांत मोठे मामा आले. दिगंबरमामा, मायचे थोरले भाऊ, नांदगाव खंडेश्वरचे. मायवर त्यांचा जीव. तिच्या पायाशी बसून त्यांनी तिचा लुळा हात कुरवाळला आणि म्हणाले, “बाई, पातूरचं स्थळ हाय. पोरगा सोन्यासारखा, खताचं दुकान हाय. तुह्या डोळ्यादेखत पोरीचं होऊन जाऊ दे. साक्षगंध आता करू, लगन तुळशीनंतर. चालते ना?”

माय म्हणाली, “हो.”

मामांनी डोळे पुसले. बाबांनी मान खाली घातली. मी म्हटलं, “मामा, तिचं हो म्हंजे हो नाई.” मामा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी मायच्या तोंडावर हात ठेवला होता. “बीमार मायचा शब्द मोडून राहिली तू? शिकून हेच शिकली काय?” मी बाबांकडे बघितलं. बाबांना मॅडमचं सगळं समजलं होतं. पण मेहुण्यासमोर ते हळूच म्हणाले, “तिनं हो म्हनलं ना व, उज्ज्वला.” माय आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती आणि “हो, हो, हो” म्हणत होती, आवाज चढत होता, आणि सगळ्यांना ती आनंदाने म्हणतेय असं वाटत होतं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी अजून विसरलेले नाही. माणूस आपल्याच तोंडात कोंडला जातो म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी आमच्या अंगणात पाहुणे बसले होते. मुलगा, त्याची आई, त्याचे काका. काका निवृत्त हेडमास्तर. पोहे झाले, चहा झाला. ताटात पाहुण्यांनी आणलेला नारळ, साडी, हळदकुंकू मांडलेलं. मी साडी नेसून बाहेर आले आणि मला बसायला सांगितलं होतं तिथे न बसता मायच्या शेजारी खाली बसले. म्हटलं, “पाव्हण्यांनो, पुढं जायच्या आधी माह्या मायले दोन गोष्टी पुसतो.” मामा उठले, तर मुलाची आई म्हणाली, “पुसू द्या ना. मायलेकींचं हाय.”

“माय, तुहं नाव लीला हाय?”

“हो.”

“तुहं नाव विमल हाय?”

“हो.”

“मामा बाई हायेत?”

“हो.”

मुलगा फिसकन हसला आणि त्याने पटकन तोंडावर रुमाल धरला. मामांचा चेहरा उतरला. पण काका हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे बाईंना काहीच समजत नाही. मग त्यांना विचारायचं कारणच काय? वडील आहेत, मामा आहेत, ते ठरवतील.”

मी तिचं ‘हो’ खोटं ठरवलं होतं आणि तिलाच बैठकीबाहेर काढलं होतं.

तेवढ्यात माय उठली. पाय ओढत ताटापाशी गेली, डाव्या हाताने नारळ उचलला, आणि सरळ काकांच्या पिशवीत नेऊन ठेवला. मग साडी. मग परत आली, खाटेवर बसली, आणि भावाकडे बघत राहिली. मामा तिच्यासमोर बसले. त्यांचा आवाज बदलला होता. “बाई, म्या उलटं-सुलटं दोन्ही पुसतो. ही सोयरीक मोडू?”

“हो.”

आता दुसरा प्रश्न होता, आणि सगळं त्यावर होतं. “सोयरीक करू?”

मायचे ओठ मिटले. मला दिसलं की ‘हो’ ओठांपर्यंत आलंय आणि ती ते अडवून धरतेय. माझ्या तोंडात “सोडत” आलं होतं. मी दातांनी जीभ दाबली. मी सुरुवात करून दिली असती तर तो शब्द माझा झाला असता. तिचा डावा हात मांडीवर पडला. एकदा. पुन्हा. ठेका धरला गेला. गळ्याच्या शिरा ताणल्या. कुणी सुरुवात करून दिलेली नसताना, त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा, तिच्या तोंडून स्वतःचा असा शब्द आला.

“नाई.”

आणि मग तो सापडलाच म्हटल्यावर तिने तो सोडला नाही. “नाई. नाई. नाई.” चालीत, मांडीवर हात मारत, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडावर, अर्ध्याच तोंडावर, मोर्चाच्या पुढे चालताना असायचं तेच हसू. मामा तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. “चुकलो बाई. तू म्हनशीन तसं.” भिंतीपलीकडून कौसाबाईंचा आवाज आला, “बोलली का व लीला?” बाबा म्हणाले, “बोलली. आन् सारे आयकले.” आणि मग पाहुण्यांसमोर, मेहुण्यासमोर, ते मला म्हणाले, “ब्याग भर. सोमवारी अमरावतीले जाऊ.”

पाहुणे रागावून गेले असं लोक अजून सांगतात. ते खरं नाही. काका थोडे घुश्शात होते, पण पोहे त्यांनी दुसऱ्यांदा घेतले. मुलाची आई निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “आमचे सासरे असेच पडून हायेत व. दूध पाहिजे का पुसलं की हो म्हनतात. पेला नेला की तोंड फिरवतात. आमी त्याइले हट्टी म्हनतो. कसं पुसाचं, सांग बरं मले.” मी तिला सांगितलं. काही दिवसांनी तिचा मामांकडे निरोप आला: म्हाताऱ्याला दूध नको होतं, चहा हवा होता. इतके महिने.

माय आज पुन्हा बाजारात बसते. लांब वाक्यं तिला येत नाहीत, भाव ती चालीवर सांगते, आणि घासाघीस करणाऱ्याला ‘नाई’ सगळ्यात स्पष्ट म्हणते. मी अमरावतीत शिकले आणि पत्रकं लिहायला लागले. हे प्रकरणही पत्रकच समजा, आणि पत्रक वाचून घडी घालून ठेवायचं नसतं. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात असं एक माणूस नक्की आहे, ज्याच्या डोक्यावरून सगळे बोलतात. आज त्याच्याकडे जा. त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. एकच साधा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा, कितीही वेळ लागो. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. उत्तर आलं की तोच प्रश्न उलटा करून विचारा. आणि जे उत्तर मिळेल, ते तुमच्या सोयीचं नसलं तरी, तसंच वागा.